वामनरावांची थरथरणारी बोटं

वामनराव आमच्याकडे मागच्या दाराने यायचे आणि आत आल्या आल्या खिडकी लावून घ्यायचे. डब्याच्या पिशवीत कापड लपवलेलं असायचं. गिरणी बंद पडली होती, तरी शेजारपाजारच्यांना वाटावं की माणूस कुठेतरी कामाला जातोय. साचेखात्यातला, म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम असलेला जॉबर एका बाईकडे परकर शिवायला शिकतोय, हे त्यांना वस्तीत कळू द्यायचं नव्हतं.

गिरणीत त्यांचा दरारा होता. नवा माणूस हाताखाली आला की ते त्याच्या मागे उभे राहायचे. तुटलेला धागा सांधताना गाठ चुकली, की मागाच्या लाकडी धोट्याने बोटांवर मार. "हात दुखला की डोकं चालतं," म्हणायचे. स्वतः तसेच शिकले होते. आमचे हे त्यांच्याच हाताखाली होते. बोटं सुजवून घरी यायचे, पोळी तोडता यायची नाही. शेवटी ह्यांना चालवायला साचा मिळालाच नाही, झाडलोटीवर घातलं. वामनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "हा कामचोर आहे." तो शब्द आमच्या घरात राहायला आला. सासूबाईही रागावल्या की तोच वापरायच्या.

माझी शाळा चौथीपर्यंत, पण शिवणाचं मशीन येत होतं. मल्हारगंजातल्या एका दुकानासाठी परकर शिवायची. वामनराव एक दिवस दारात येऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा दुकानदार म्हणतो, टीप सरळ आली तर काम देतो. घरात दुसरी कमाई नाही. शिकवता का?" हे आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

वामनरावांची टीप काही सरळ जाईना. स्वतःच वैतागून म्हणाले, "वहिनी, नरमाईने नाही होणार. सख्ती करा. पट्टी घ्या आणि मागे उभ्या राहा."

मी लाकडी पट्टी घेतली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. टीप वाकडी गेली तशी मारली. पुढची टीप आणखी वाकडी. धागा तुटला, बोटं थरथरायला लागली, सुई ओवता येईना. आत ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "कामचोर!"

मशीन थांबलं. वामनराव आपल्याच बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या माणसाची बोटं अशीच थरथरायची. मला वाटायचं, नाटक करतो."

त्यांची मान वर होईना. मला पट्टी कुठे ठेवू असं झालं. इतक्यात हे बाहेर आले. सुई ओवून दिली. "उस्ताद, आरामसे करा. जल्दी नाही. आम्ही ओट्यावर बसतो." मला म्हणाले, "तूही चल."

ओट्यावर आम्ही दोघं बसलो. एकमेकांकडे बघितलं नाही. आत मशीन चालायचं, थांबायचं, परत चालायचं. वामनरावांनी बाहेर आणून दाखवली ती टीप सरळ म्हणण्यासारखी होती.

त्यांना काम मिळालं. पुढे त्यांच्याकडेही वस्तीतल्या मुली शिकायला येऊ लागल्या, तेही समोरच्या दाराने. मुलीला मशीनवर बसवून वामनराव बाहेर जाऊन उभे राहायचे. एकीने विचारलं, "काकाजी, तुम्ही मास्तर की चौकीदार?"

"चौकीदारच बरा गं," म्हणाले. "झाली की हाक मार."

मारून माणूस शिकत नाही, असं मी म्हणणार नाही. वामनराव तसेच शिकले होते. पण ज्याला नाही जमलं, त्याचं पुढे काय झालं, ते बघायला मारणारा थांबत नाही. वामनरावांना बघावं लागलं, तेही स्वतःची बोटं थरथरली तेव्हा.

ते वारले तेव्हा हे खांदा द्यायला गेले. माझी लाकडी पट्टी मी वामनरावांना मारलं त्या दिवसापासूनच घरात दिसलेली नव्हती. कोणी टाकली, ते मला माहीत आहे. ह्यांना मी कधी विचारलं नाही.