काशीत सोडलेला शेवटचा शब्द

मला काशीला जायचंच नव्हतं. हे सांगितलं की माझ्या नातसुना तोंडाला पदर लावून हसतात, कारण आता काशीचं नाव निघालं की माझं तोंड थांबत नाही. पण तेव्हा माझी शंका सरळ होती. जवळा बाजारला एसटीत बसावं, एक डुलकी काढावी, की औंढा येतं. नागनाथ तिथं बसलेला आहे, आणि तोही ज्योतिर्लिंगच. घरचा महादेव सोडून परमुलखातल्या महादेवाला भेटायला गेलं तर या घरच्याला काय वाटेल? खरं तर ही शंका नव्हती, आळस होता. पण तरण्या वयात माणूस आपल्या आळसालाही अध्यात्म म्हणून खपवतो, आणि मी तर खपवण्यात हुशार होते.

नव्वद सालच्या दिवाळीनंतर आमच्या भागातून यात्रेची बस निघाली आणि सासूबाईंनी नाव दिलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. म्हातारी एकटी कशी जाणार, म्हणून मालकांनी मला न विचारता माझंही नाव दिलं. वर म्हणाले, "जा दोघी. तेवढाच घराला इसावा." कारण आम्हा दोघींचं रोज वाजायचं. भाकरी जाड झाली यावरून, गाय कुणी सोडली यावरून, आणि काहीच नसलं तर काल कोण आधी गप्प बसलं यावरून. भांडण कुणीही सुरू करो, शेवटचा शब्द माझा असायचा. त्या ओसरीतून गुरांच्या सपराकडे जात असल्या तरी मी मागून एक वाक्य त्यांच्या पाठीवर टाकायचीच. तेवढं झालं की मला जेवण गोड लागायचं.

शेजारणीनं मात्र माझं मन वळवलं. ती जाऊन आलेली. तिनं विश्वनाथाचं एका वाक्यात उरकलं आणि कचोरीचं तासभर सांगितलं. मग पहाटेची नाव, मातीच्या कुल्हडातली लस्सी, रेशमी साड्यांची दुकानं. माझ्या अंगात भक्ती संचारली ती तिथे.

काशी मला पाहताक्षणी आवडली, हे महादेवापुढे कबूल करायला हरकत नाही. आता कुणी विचारलं की मी सांगते, बायांनो, सूर्य उगवायच्या वेळी नावेत बसा. सगळे घाट एका रांगेत अंघोळीला बसल्यासारखे दिसतात. गरम कचोरी उभ्यानंच खा, जिलबी तिच्यासोबतच खा, नंतर खाऊ म्हणाल तर संपते. आणि गल्ल्यांत शिरा. त्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून जाडजूड माणूस आलं तर त्याच्याशी सोयरीक झाल्यासारखं वाटतं.

पण काशीत एक रीत आहे. तिथं गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी गंगेला देऊन यायचं, आणि पुन्हा जन्मभर ते तोंडात घालायचं नाही. घाटावर पंडितानं आम्हाला ओळीनं बसवलं आणि विचारलं, काय सोडता? आत्याबाईंनी डोळे मिटून सांगितलं, "सीताफळ." सीताफळाच्या दिवसांत ही बाई जेवण विसरायची. माझी पाळी आली. मी आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं. मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "कारलं."

जन्मात मी कारलं चवीनं खाल्लेलं नव्हतं. पंडितानं पाणी सोडायला लावलं. आत्याबाई मात्र हळूच म्हणाल्या, "कारलं सोडलंस व्हय? ते तर तुझ्या जिभेवरच उगवून राहिलं की गं."

मीही लगेच म्हटलं, "उगवलं असंल, पर पाणी कोण घालून राहिलं?" ओळीतल्या बाया हसल्या. शेवटचा शब्द माझा. गंगेच्या काठावरही.

त्याच दिवशी दुपारी आमची बस प्रयागला निघणार होती. यात्रेच्या मॅनेजरनं सगळ्यांना बजावलं होतं की जो मागं राहील त्यानं आपलं आपण यावं. मी विचार केला, दुपारपर्यंत साडीचं दुकान तरी पाहून होईल. एका गल्लीत कचोरीवाल्याशेजारी दगडी ओटा होता. तिथं आत्याबाईंना बसवलं, म्हटलं, "इथंच बसा, मी आलेच," आणि शेजारच्या साडीच्या दुकानात शिरले. दुकानदारानं पांढऱ्या गादीवर बसवलं, चहा दिला, 'बहनजी' म्हणाला. मला आयुष्यात कुणी बहनजी म्हटलं नव्हतं. त्यानं साड्या उलगडल्या तशी मीही उलगडत गेले. घ्यायची एकही नव्हती. पण मी काठ असा पारखत होते जणू हिंगोलीच्या बाजारातली सगळी हळद माझ्याच शेतातली.

बाहेर आले तर ओटा रिकामा.

आधी वाटलं इथंच असतील. मग वाटलं हा ओटा तो नव्हेच. प्रत्येक दुकानाशेजारी तसाच ओटा, तसाच कचोरीवाला, तशीच कढई. आत्याबाईंना हिंदी येत नव्हती, वाचता येत नव्हतं, आम्ही उतरलो त्या धर्मशाळेचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी माणसांना धरधरून विचारू लागले, "हमारी सासू देखा क्या? नऊवारी लुगडा, कपाळ पे हिरवा गोंदण, हात में पितळी गडू!" एकानं मला गडवाच्या दुकानात नेऊन उभं केलं. दुसऱ्यानं फार दयेनं विचारलं, सास खोई है तो रो क्यों रही हो?

तेव्हा मला कळलं की मी रडतेय.

पळून पळून पाय गेले. भिंतीतल्या एका कोनाड्यात लिंबाएवढी पिंड होती, वर एक सुकलेलं बेलाचं पान. मी तिच्यापुढे खालीच बसले. मोठ्या मंदिरात मला धक्काबुक्कीत काही मागायला सुचलंच नव्हतं. इथं मात्र आपोआप बोलले. म्हटलं, "देवा, कारल्याचं इसर. ती चोरी झाली. मला आवडती गोष्ट एकच हाय, भांडणातला शेवटचा शब्द. तो घे. पर म्हातारी दे. तिच्याबिगर गावात पाय ठेवायचा न्हाई मला." हे ऐकून पिंडीला काय वाटलं माहीत नाही. मला मात्र आतून काहीतरी ओढून काढल्यासारखं झालं, किडकी दाढ उपटतात तसं.

उठले आणि साडीच्या दुकानाकडे परत निघाले, तर गल्लीत आडवा बैल. चांगला धिप्पाड, पांढरा, रवंथ करत बसलेला. डावीकडून वाट नाही, उजवीकडून नाही. मी शेतकऱ्याची बाई. बैल म्हणजे माझ्या हातचं काम. हैक केलं, च्यक च्यक केलं, पाठीवर थाप दिली. तो हलेना. शेवटी वाकून त्याचं शेपूट पिरगाळलं. गल्लीतली सगळी माणसं एकदम ओरडली. पानवाला म्हणाला, "अरे माताजी! नंदी महाराज हैं. अपनी मर्जी से उठेंगे." बैलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. उलट अशी नजर, की बाई, आत्ताच ना तू काहीतरी सोडून आलीस?

मी मागं फिरले. दुसरी गल्ली धरली, ती उताराची निघाली, पायऱ्या लागल्या आणि एकदम समोर गंगा. आणि पायऱ्यांवर एका भल्यामोठ्या छत्रीखाली आत्याबाई बसलेल्या! भोवती परमुलखातल्या पाच-सहा बाया, बहुतेक बंगालच्या. कुणी त्यांच्या हातात केळं दिलेलं, कुणी पंख्यानं वारा घालतेय. आणि आत्याबाई आमच्या अस्सल मराठवाडी बोलीत त्यांना माझं चरित्र सांगत होत्या. त्या बायांना एक शब्द कळत नसणार. पण मान अशा डोलावत होत्या, जणू हे सगळं त्यांच्याही घरात घडलेलं.

मला पाहताच आत्याबाई हात करून म्हणाल्या, "ही बगा, हीच ती!" आणि त्या सगळ्या बायांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ओळखीच्या नजरेनं.

"कुठं उलथली व्हतीस? अन् रडून काहून राहिली?"

"तुमी हरवल्या म्हणून."

"मी कुठं हरवले? तू हरवलीस, तुलाच हुडकाया उठले मी. वाट सापडंना की उतार धरावा, उताराला पाणी ऱ्हातं अन् पाण्यापाशी माणूस ऱ्हातं. एवढं बी कळंना तुला? तुझ्या मायनं काय शिकवलं?"

माझ्या आईचं नाव निघालं. उत्तर तयार होतं, दातांच्या मागं येऊन उभं राहिलेलं. असं उत्तर की गंगा मागं वळली असती. मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

बसकडे पळालो तर ती उभीच होती. मॅनेजरच कचोरी खायला गेलेला. प्रयागपर्यंत आत्याबाई बोलत होत्या आणि मी खिडकीबाहेर पाहत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. मग बसबरोबरच्या स्वयंपाक्याकडून काढा मागवला. "पाणी बाधलं हिला," असं पुढच्या बाईला सांगितलं. मग मुद्दाम माझ्या माहेरच्या पुरणपोळीला नावं ठेवली. मी गप्प. तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. "बोल की गं," त्या म्हणाल्या, "भ्याव वाटून राहिलं मला."

मग मी नवस सांगितला. त्यांनी काढ्याचा पेला माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "म्हंजी आता शेवटचा शब्द माझा?"

"व्हय."

"जन्मभर?"

"व्हय, आत्याबाई."

घरी आल्यावर पहिले काही महिने त्यांनी फार चैन केली. शेजारणींना बोलावून माझ्याशी भांडायच्या. पण उत्तर न येणाऱ्या भांडणात राम राहत नाही. हळूहळू त्या स्वतःच मध्येच थांबायला लागल्या. भांडण अर्ध्यावर सोडून विचारायच्या, "बरं, तुला काय वाटून राहिलं?" असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं तेव्हा कळलं की मला फारसं काही वाटतच नव्हतं, फक्त बोलायचं असायचं. किती तरी गोष्टी अशा निघाल्या.

पुढं नव्या शतकात त्या हिंगोलीच्या दवाखान्यात होत्या. दुपार होती, बाहेर पोरं खेळत होती. मी उशाशी मोसंबी सोलत होते आणि त्या माझ्या सोलण्याला नावं ठेवत होत्या, बारीक आवाजात, पण मन लावून. बोलता बोलता थांबल्या. माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "लई वरसं झाली. जाऊ दे तो नवस. आता तू बोल."

इतक्या वर्षांची उत्तरं माझ्यापाशी साठलेली. मी शोधू लागले तर एकही सापडेना. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमीच बोला."

त्या बोळक्या तोंडानं हसल्या, डोळे मिटले, आणि संध्याकाळी गेल्या. पुन्हा काही बोलल्या नाहीत.

म्हणजे शेवटचा शब्द माझाच झाला. नवस मोडला की फिटला, मला कळत नाही, आणि आता मी विचारतही नाही. सोमवारी औंढ्याला जाते, नागनाथापुढे खाली पायऱ्या उतरून बसते. पूर्वी त्याला बरंच काही सांगायचे, सुचवायचे. आता हात जोडते आणि म्हणते, देवा, तूच बोल. तो काही बोलत नाही. पण ते गप्प राहणं मला एकटं वाटू देत नाही, एवढी त्याची कृपा.