लिफ्टमास्तरांची लाल पाटी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली लिफ्टमास्तर म्हणते. चौतीस वर्षं ह्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि आम्ही राहतो ती इमारत तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. आम्ही अर्थातच तिसऱ्यावर. जगाला आयुष्यभर वर-खाली नेणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोचे गुडघे जिन्यात घालवले, असं मी चारचौघांत बोलून दाखवते. हे हसतात. ह्यांच्यात हीच एक खोड आहे, टोमणा कळतो पण लागत नाही.

माणूस तसा साधा. नोकरीतून मोकळे झाले तरी सवयी सुटल्या नाहीत. कोणाकडे गेलो आणि तिथे लिफ्ट असली, तर दार उघडल्यावर आधी खाली बघतात आणि मगच पाऊल टाकतात. कुठलंही यंत्र दिसलं की हात पालथा करून त्याच्या अंगाला लावतात. तळहात कधीच नाही. वीज उतरली असली तर तळहात मिटतो आणि तिथेच चिकटतो, पालथा हात झटकला जातो, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. नव्या नवरीला सांगायला दुसरं काही सुचलं नसावं.

आणि ती पाटी. पत्र्याची, वीतभर लांबीची, लाल रंगावर पांढरी अक्षरं: ‘काम चालू आहे. बटण दाबू नये.’ अक्षरं ह्यांनीच रंगवलेली, म्हणून ‘नये’मधला ‘ये’ जरा कोपऱ्यात दबून बसलाय. लिफ्टच्या खाली किंवा वर माणूस उतरला की मुख्य बटणावर ही पाटी लटकवायची, आणि जो लावेल त्यानेच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. ह्यांच्या उस्तादांची दोन बोटं अशीच गेली. वरच्या मजल्यावर कोणीतरी खोळंबलं होतं, त्याने पाटी काढून बटण दाबलं. उस्ताद खाली होते. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मधेच अडखळले तर पुढची ओळ मी सांगते.

तर मुलीने घरी कॉम्प्युटर पाठवला, आणि ती पाटी नोकरीनंतर पहिल्यांदा ट्रंकेतून बाहेर आली.

मुलगी आमची एकुलती. लांबच्या शहरात एका प्रयोगशाळेत रक्त तपासते, तीन वर्षं झाली, कायम रात्रपाळी. पहाटे साडेपाचला तिला अर्धा तास मोकळा मिळतो, तेव्हा ती कॉम्प्युटरवर येते आणि बापलेक बोलतात. काय बोलतात? यंत्रं. तिथलं रक्त गरगर फिरवणारं यंत्र थरथरतं म्हणे. ती त्याचा आवाज ऐकवणार, हे डोळे मिटून ऐकणार आणि म्हणणार, “डाव्या अंगाला वजन जास्त झालंय, नळ्या समोरासमोर लाव.” ती लावणार, यंत्र गप्प होणार, आणि दोघं अशी हसणार की स्वयंपाकघरात माझ्या हातातला डबा मी मुद्दाम आपटून ठेवणार.

मी पडद्यासमोर गेले की तिचे ठरलेले दोन प्रश्न. गुडघा कसा आहे, गोळी घेतलीस का. मी विचारायची जेवलीस का, ती म्हणायची हो. मग एक क्षण आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, आणि ती म्हणायची, “बाबा कुठेत?”

पोटात नऊ महिने मी वागवली. तिचा पहिला फ्रॉक माझ्या शिलाई मशीनवर शिवला. आणि विचारते बाबा कुठेत. एकदा मी ह्यांना विचारलं, “एवढं काय बोलत होतात?” हे म्हणाले, “काही नाही, आमचं आपलं.” त्या ‘आमचं आपलं’नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मी त्या यंत्राला हात लावणार नाही असं ठरवलं, आणि शब्द पाळला. तो पाळलाय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे त्याहून वाईट.

मग राग कशावर काढायचा? मी रात्रीवर काढला. हे कॉम्प्युटर रात्री बंद करत नसत. पडदा तेवढा विझवायचे, खालचा डबा रात्रभर घुंघुं करत राहायचा. त्याला झोपवायची सोय असते म्हणे, तीही ह्यांनी काढून टाकली होती. मी म्हटलं, “मी माझं मशीन संध्याकाळी झाकून ठेवते. वापर संपला की वस्तू बंद करावी, एवढी साधी गोष्ट.”

“तुझं मशीन पायावर चालतं,” हे म्हणाले. “विजेचं यंत्र चालण्याने झिजत नाही, सुरू-बंद होण्याने झिजतं. लिफ्टची मोटर सगळ्यात जास्त ताण कधी घेते? पहिल्या झटक्याला.”

धाकटे दीर कचेरीत काम करतात. ते म्हणाले, “वहिनी, तुमचंच बरोबर. आमच्याकडे संध्याकाळी सगळे बंद करूनच उठतो.” मला जरा बळ आलं. पण ह्यांनी दिरांना विचारलं, “आणि तुमच्याकडे दरसाल किती बिघडतात?” दिरांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मग ह्यांनी पाटी काढली, फडक्याने पुसली आणि भिंतीवरच्या बटणावर लटकवली. कोणासाठी, ते घरात आणखी कोण होतं यावरून कळत होतंच.

मी जळत होते, आता लपवून काय उपयोग. खिडकीजवळची उजेडाची जागा माझ्या मशीनची होती, ती त्याला गेली. पंख्याचं तोंड त्याच्याकडे. रोज संध्याकाळी हे पालथा हात त्याच्या अंगाला लावून तापलंय का बघत. मागच्या थंडीत मला दोन दिवस ताप होता, तेव्हा दारातून विचारलं, “बरं वाटतंय का?” हात त्याला, प्रश्न मला. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ह्या डब्याशी काय भांडणार, तो सगळ्याला एकच घुंघुं करतो.

अशात तीन वर्षांत पहिल्यांदा हे एका रात्रीसाठी बाहेरगावी निघाले. जुने सोबती आजारी होते. मी पिशवी भरून दिली, औषधं वरच्या कप्प्यात ठेवली. हे दारात चपला घालता घालता थांबले. मला वाटलं, म्हणतील जिना सांभाळून उतर, कडी लावून घे.

“त्याला हात लावू नकोस,” म्हणाले. “पाटी आहे.”

नऊ वाजता मी आवराआवर केली, मशीन झाकलं आणि त्या डब्यासमोर येऊन उभी राहिले. मनात म्हटलं, आज घरात आपण दोघंच. पाटी काढली, माझ्या मशीनवर ठेवली आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. घुंघुं थांबली. इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातला नळ ऐकू आला. मी अगदी मनापासून खूश झाले, खोटं कशाला बोलू.

झोप मात्र लागली नाही. पहाटे पाचला उठून मी चहा टाकला, आणि एक विचार आला की आज हे नाहीत. आज साडेपाचला तिने हाक मारली तर समोर मीच असणार. बाबा कुठेत म्हणाली तर सांगेन, नाहीत, आता बोल माझ्याशी. मी केस नीट केले, चांगलं पातळ नेसले, ह्यांच्या खुर्चीत बसले आणि बटण वर केलं. आत काहीतरी टक् झालं. जळक्या रबरासारखा वास आला. मग काहीच नाही. चारदा खाली-वर केलं. डबा हूं की चूं करेना.

साडेपाच वाजले, पाच-पस्तीस झाले, आणि माझा साधा फोन वाजला.

“आई, तू बरी आहेस ना?” मुलगी होती. “काय झालंय? बाबा बरे आहेत ना? रात्रभर घर दिसत नाहीये.”

“घर दिसत नाही म्हणजे?”

तिने सांगितलं तेव्हा कळलं. आपला कॉम्प्युटर चालू असला की तिच्याकडे एका यादीत हिरवा ठिपका दिसतो. ठिपक्यापुढे ज्याचं त्याचं नाव. आमचं नाव ह्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, ‘घर’. तिच्या प्रयोगशाळेत रात्री ती एकटी असते. दोन-तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागले, भीती वाटली, की ती एकदा तो ठिपका बघते आणि पुढची नळी उचलते. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो रात्रभर गायब होता.

“फोन का नाही केलास मग लगेच?”

“धीर झाला नाही. कोणी उचललाच नाही तर काय करू, असं वाटलं.”

तरी बोलले, मत्सर काही एका झटक्यात जात नाही. “पण बाबा त्या वेळी ढाराढूर झोपलेले असतात. तुला ठिपक्यात ते जागे दिसतात होय?”

“बाबा कशाला,” ती म्हणाली. “बाबांचं घोरणं मला माहीत नाही का? मला वाटायचं तू असशील. तुझीच झोप हलकी.”

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. बटण, पाटी, पातळ, सगळं. ती रडली का हसली ते फोनवर नीट कळलं नाही, पण त्या दिवशी ती पाऊण तास बोलली, आणि बाबा कुठेत हे एकदाही विचारलं नाही.

हे दुपारी आले. पिशवी ठेवली, माझ्या मशीनवरची पाटी बघितली, आणि कॉम्प्युटरकडे वळलेसुद्धा नाहीत.

“पाटी कोणी काढली?”

“मी.”

मी भांडणाच्या तयारीत होते. चौतीस वर्षांचे मुद्दे ओळीने मांडून ठेवले होते, पहिला जिन्याचा. पण हे ओरडले नाहीत. पाटी हातात घेऊन कॉटच्या कडेवर बसले आणि बराच वेळ त्या दबलेल्या ‘ये’वरून अंगठा फिरवत राहिले.

“पाटी काढण्याआधी आत कोण आहे ते बघायचं असतं,” म्हणाले. “आत पोर होती.”

तीन वर्षं ज्याला मी ह्यांचं वेड म्हणत होते त्याचं हे कारण ह्यांनी मला सांगितलं का नाही, हा प्रश्न पुढे मी विचारला. “तू विचारलंस कधी? तू नुसतं बंद कर म्हणत होतीस,” असं उत्तर आलं. ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

दुकानदाराने डबा उघडून आतला वीज पुरवणारा भाग बदलला. मी त्याला जिन्यातच गाठून विचारलं की नेमकी चूक कोणाची. तो म्हणाला, “रोज बंद केला असतात तरी चालला असता. कधीच बंद केला नसतात तरी अजून चालला असता. तीन वर्षं चालवून एकदम बंद केलात, तिथे गेला.” म्हणजे आमचं दोघांचंही बरोबर, आणि डबा मेला.

दुरुस्तीला चार दिवस गेले. चारही पहाटे मुलीचा फोन माझ्याकडे आला. पाचव्या संध्याकाळी डबा घरी आला, घुंघुं सुरू झाली. हे पाटी घेऊन बटणापाशी गेले, हात वर केला आणि थांबले. मग ती माझ्यापुढे धरली.

“तू लाव.”

“जो लावेल त्यानेच काढायची ना?” मी खात्री करून घेतली.

“त्यानेच.”

“मालकानेसुद्धा हात लावायचा नाही?”

“नाही.”

मी लावली. आता पहाटे सव्वापाचला मी ह्यांच्या खुर्चीत बसलेली असते. कालची यंत्रं, तिच्या वरच्या बाई, एक तिथला मुलगा ज्याचं नाव ती जरा जास्तच सहज घेते, सगळं माझ्याकडे आधी येतं. हे मधूनमधून दारात येतात, कसलंतरी फडकं शोधायच्या निमित्ताने रेंगाळतात. शेवटी आज राहवलं नाही.

“एवढं काय बोलत होतात?” ह्यांनी विचारलं.

मी पडदा विझवला आणि पालथा हात डब्याला लावून बघितला.

“काही नाही,” म्हटलं, “आमचं आपलं.”

टोमणा ह्यांना पहिल्यांदाच लागलेला दिसला. मी उठून दोन चहा टाकले.