आक्काची पळी

१२ नोव्हेंबर. सुनेचं, सुप्रियाचं, डोहाळजेवण परवावर आलं होतं, म्हणून पितळेची भांडी चिंचेने घासायला काढली. पहिलीच हाताला लागली ती आक्काची पळी. आक्का म्हणजे माझी सासू; अख्खं कंग्राळी गाव तिला आक्काच म्हणायचं. ती पळी तिने कधी कुणाच्या हाती दिली नाही. गडीमाणसांना आमटी दोनदा, लेकरांना मागतील तितकी आणि पोटुशी सुनेला अर्धी पळी.

कंजूष नव्हती ती. दारात आलेलं माणूस तिने कधी उपाशी पाठवलं नाही. पण पोटुशी बाई समोर बसली की तिचा हात आखडायचा. "लई खाऊ नको गं," ती मला सांगायची, "पोटात एकच खोली हाय. तूच भरून टाकलीस तर पोरगं कुठं बसंल? आन् आत मोठं झालं तर भाईर कसं येईल?" मी पातेल्याकडे बघत राहिले की म्हणायची, "बघून पोट भरत असंल तर बघ बाई." आणि स्वतःच हसायची. संध्याकाळी माझ्या सुजलेल्या पायांना तेल चोळायलाही तीच बसायची.

तिची थोरली बहीण बाळंतपणात अडली होती. बैलगाडीतून बेळगावला पोचेपर्यंत दोघंही गेली. मूल मोठं होतं, एवढंच आक्काने त्यातून घेतलं. पुढे घरातल्या प्रत्येक पोटुशीला आपण उपाशी ठेवून वाचवलं, अशी तिची खात्री होती.

माझा महेश झाला तो काडीसारखा. "कसं सुळकन आलं, उंदरावानी!" म्हणत आक्काने गल्लीभर खव्याचा कुंदा वाटला. डॉक्टरीणबाईंनी वजनकाटा दोनदा बघितला, ते तिला दिसलंच नाही.

मागच्या वर्षी, तिशीच्या आतच, महेशला बीपीची गोळी लागली. ना दारू, ना तंबाखू, ना अंगावर चरबी. डॉक्टरांनी त्याचं जन्माचं वजन विचारलं, मग तेव्हा मी काय खात होते तेही. "हे एकच कारण असतं असं नाही," ते म्हणाले, "पण आईची उपासमार झाली असेल, तर मुलांत पुढे हे जास्त दिसतं."

घरी येऊन मी अंथरुणाला खिळलेल्या आक्काला ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "तू जित्ती हायस न्हवं? पोरगं बी हाय. मग?"

यंदा श्रावणात ती गेली. माझा राग बरोबर नेला नाही. तो इथेच आहे.

पळी घासत होते तेव्हा सुप्रियाचा फोन स्पीकरवर होता. तिची आई चिकोडीहून सांगत होती, "बेतानं खा गं. बाळ मोठं झालं की सिझरच करतात."

"व्हय मम्मी, अर्ध्याच भाकरीवर हाय मी."

महेश पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "आक्का गेली असं कोण म्हणतंय?" दोघं हसली. मला हसू आलं नाही.

१३ नोव्हेंबर. सकाळी सगळ्यांच्या आधी सुप्रियाला जेवायला बसवलं. "सिझर झालं तर झालं," मी म्हणाले, "दवाखाना जवळ आहे. बैलगाडी जुंपायची नाही आपल्याला." तिने सवयीने ताट पुढे केलं. मी वाढलं नाही. आमटीचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं, पळी तिच्या हातात दिली आणि महेशची गोळी काढायला उठले.