आखितीच्या आधीचा आंबा

परवा सकाळी झरीला, घरी पोहोचलो. लुधियान्याहून परभणीपर्यंत दीड दिवसाचा प्रवास, त्यात गाडी पाच तास लेट... अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. तिकडे ऑफिसात मला सगळे 'साउथवाला' म्हणतात. समजावून समजावून दमलो, आता उन्हाळा आला की मीच सांगतो, साउथला चाललोय म्हणून.

यंदाचं येणं मात्र सुट्टीचं नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, दिवाळीनंतर गेले. ही त्यांची पहिली आखिती.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखिती म्हणतात. त्या दिवशी पाण्यानं भरलेला मातीचा घडा पुजायचा, गेलेल्या माणसाला आंब्याच्या रसाचा नैवेद्य दाखवायचा. तोवर घरात कुणी आंबा तोंडाला लावायचा नाही.

हातपाय धुऊन बसलो, मायनं चहा दिला. कोपऱ्यात गवतात पिकत घातलेल्या आंब्यांचा घमघमाट सुटला होता. धाकट्या भावाची पोरं आठ दिवस नुसता वास घेत फिरतायत, पण एकानं हात लावला नाही, असं ती कौतुकानं सांगत होती.

आणि मला आठवलं... आदल्या दिवशी भोपाळ स्टेशनवर मी गारेगार मँगो शेक प्यालो होतो. एक नाही, दोन.

ऊन मी म्हणत होतं, डोकं ठणकत होतं, समोर दिसला आणि घेतला. दादांची आठवणसुद्धा झाली नाही. खरं सांगतो, आंब्यापेक्षा याचंच जास्त वाईट वाटलं.

मी काही देव-देव करणारा माणूस नाही. पण सहा महिने ज्यांच्या जाण्यामुळे धड झोप नाही, त्यांच्यासाठी एवढंही पाळता येऊ नये? दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. प्रवासाचा शीण असेल म्हणून कुणी काही विचारलं नाही.

काल आखिती. थोरला म्हणून घडा मीच भरायचा होता. पाटावर बसलो, मायनं हातात पाण्याचा तांब्या दिला... आणि हात काही पुढे होईना. शेवटी सांगून टाकलं.

"माय, मी येताना आंबा खाल्लाय. घडा धाकट्याला भरू दे."

ती दिव्याची वात सारखी करत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुजे दादा तरी कवा थांबले? दरसाली शेतात झाडाखाली बसून खायचे, अन् हिरीवर तोंड धुऊन घरी यायचे. मिशीला वास यायचा की."

हे दादा? आम्हाला आखितीआधी आंब्याच्या टोपलीकडे फिरकू न देणारे?

कधी बोलली नाहीस का त्यांना, असं विचारलं. तर म्हणते, "काय बोलायचं... आले की मलाच इचारायचे, आखिती कवा हाय गं? जसं काय लय वाट बघायलेत."

आणि हसली. ते गेल्यापासून तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

"भर आता," म्हणाली. "तूच भर."

भरला. नैवेद्य दाखवला, पोरं रसावर तुटून पडली. मीही पोटभर जेवलो आणि दादांच्या बाजेवर आडवा झालो. हात नीट धुवायचासुद्धा कंटाळा आला होता, बोटांना रसाचा वास तसाच होता... कधी डोळा लागला कळलं नाही. किती महिन्यांनी अशी झोप लागली.

दादांसारखं वागणं आपल्याला कधी जमलं नाही, असंच आजवर वाटत आलं. एकदा जमलं... तेही भोपाळ स्टेशनवर, नकळत.