बंबवाले मामा

मामांना कुणी मागून हाक मारली, की ते आधी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेत आणि मग वळत. आमच्या सातपूरच्या घरी नवखा पाहुणा असला तर त्याला हसू यायचं. मामांच्या कानामागची खोल खाच दिसली की ते हसू विरून जायचं.

पूर्वी मामा असे नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत ते आगीच्या बंबावर होते. म्हणून सगळ्या नातेवाइकांत ते बंबवाले मामा. आवाज असा, की आईनं स्वयंपाकघरातून विचारलं तर उत्तर गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. कामाबद्दल मात्र ते एकच वाक्य बोलत, "आग इझवायला समदे, मढं काढायला आपण." विहिरीत कुणी बुडालं, की बंबावरचे साहेब फक्त मामांना आणि त्यांच्या जोडीच्या बबनला खाली सोडत. दोघेही गावच्या बौद्धवाड्यातले. बाकीचे वर नाकाला रुमाल लावून उभे.

एके दुपारी प्रेत वर घेताना बबनचा दोर तुटला. मामा दुसऱ्या दोरावर होते. त्यांनी हात लांबवला, पण बबन हाती लागला नाही. बबन ओरडत, पाणी गिळत बुडाला आणि वरून एकही माणूस खाली आला नाही. वर आल्यावर मामा साहेबांना म्हणाले, "फुडच्या खेपेला तुम्ही उतरा." साहेबांनी थोबाडीत मारली. मामांनी त्यांची कॉलर धरून त्यांना बंबावर आदळलं.

नोकरी गेली. मामा नाशिकच्या कोर्टात गेले. पालिका जात बघून जीवघेणी कामं देते, असा त्यांचा दावा होता. पालिकेचा वकील म्हणाला, "जात कुठून आली? पाळीनं काम चालतं." हुकूम नेहमी तोंडीच असायचा. सिद्ध करायचं कसं?

मामांची साक्ष व्हायची होती, त्याच्या आदल्या दिवशी काही जणांनी त्यांना गावच्या एसटी स्टँडमागे गाठलं. त्यांच्या हातात लोखंडी गज होते. बरगड्या मोडल्या, उजवा हात कोपरापासून वाकडा झाला, एक कान कायमचा गेला. दवाखान्यात सुजलेल्या तोंडानं ते मला म्हणाले, "पोरी, त्यात आपल्या बंबाचा ड्रायव्हर व्हता. लय वर्सं एका पाईपला हात लावला आम्ही." पोलिसांना मात्र त्यांनी नाव सांगितलं नाही. म्हणाले, "तो कोर्टात येनार हाय. येऊ दे."

आणि तो आला, पालिकेचा साक्षीदार म्हणून. आमच्या वकीलबाईंनी उलटतपासणीत आवाज चढवला नाही.

"तुम्हाला पोहता येतं?"

"येतं. गोदावरीच्या पुरातबी पोहलोय."

"विहिरीत प्रेत काढायला किती वेळा उतरलात?"

"कधीच नाय."

"बबनला पोहता येत होतं?"

"नाय."

"यांना?"

त्यानं मामांच्या वाकड्या हाताकडे पाहिलं. "नाय."

"मग पोहणारे वर आणि न पोहणारे खाली, असं का?"

पालिकेचा वकील उठला, पण न्यायाधीशांनी त्याला बसवलं. ड्रायव्हर बोलला, "साहेब म्हनायचे, ही कामं त्यांच्या लोकांची." मग कुणी न विचारताच तो म्हणाला, "मारायलाबी त्यांनीच धाडलं. मी गज उचलला."

मामा जिंकले. पालिकेचं अपील फेटाळलं गेलं, नोकरी परत मिळाली, बबनच्या बायकोला भरपाई मिळाली. साहेब आणि गज उचलणारे, सगळ्यांना शिक्षा झाली.

तुरुंगातून सुटल्यावर ड्रायव्हर एकदा सातपूरला आला. मामा तेव्हा आमच्याकडे होते. तो उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा राहिला. आई चहाला उठली, तर मामा म्हणाले, "बस गं." मग त्याला म्हणाले, "खरं बोललास, ते बरं केलंस. आता जा."

तो गेल्यावर मी रागावले. "मामा, त्याच्यामुळंच तर केस जिंकलात!"

"केस कोर्टाची व्हती," मामा म्हणाले. "माफी माझी हाय. बबन वरडत व्हता तवा ह्यो वर उभा व्हता, पोहता येत असून. गजाचं मी इसरंन. वर उभं ऱ्हायल्याचं नाय."

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत मामा गेले. अंत्ययात्रेच्या दिवशी ड्रायव्हर रस्त्यापलीकडे उभा होता, पिकलेल्या केसांचा, हातात हार घेऊन. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान डोलावली असती तरी तो आला असता. मी नजर वळवली आणि मामांना खांदा द्यायला पुढे झाले.