वजन येण्याआधी आवळलेले बोल्ट

काशिनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुकट निवडत होते. फोन त्याच्या शेजारच्या रमेशचा. ‘आत्या, काका दार उघडत नाहीत,’ एवढंच तो बोलला आणि पुढचं मला कळलं. दार न उघडणारा माझा भाऊ नव्हता. भांडायला का होईना, उघडायचा. मी सुकट झाकली, नाहीतर मांजर सोडत नाही, लुगडं बदललं आणि अंबरनाथहून बदलापूरच्या कुळगावला गेले. तोवर दार तोडलं होतं. काशी खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता, चहाचा कप खाली नीट ठेवून. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी रडले नाही. ते बायकांनी पाहिलं आणि अजून बोलतात... बोलू दे.

याला आता सहा आठवडे झाले. काशीचा मुलगा अनिल पुण्याला असतो. तो म्हणाला, ‘आत्या, पेपरच्या पुरवणीसाठी बाबांवर तूच लिही, तुझ्याइतकं त्यांना कोणी ओळखत नव्हतं.’ ओळखत होते, म्हणूनच सांगते, मेलेल्या माणसाबद्दल लोक लिहितात तसला देवमाणूस काशी नव्हता. तो हट्टी होता आणि त्याला आपल्या हातांचा माज होता. हात मात्र खरोखर चांगले होते. अंबरनाथच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं फिटरचं काम केलं. आजारी मशीन नुसता तळवा ठेवून ओळखायचा. माणसाच्या बाबतीत ती अक्कल नव्हती. मोठी बहीण म्हणून मी त्याला लहानपणी धुतलं, चोपलं, पण त्याला कोणाचं ऐकून घ्यायला शिकवायचं तेवढं राहून गेलं. मलाच ते कुठे येत होतं.

रिटायर झाल्यावर त्याने उल्हासनगरहून एक जुनी गाडी आणली. पेट्रोलवर चालायची आणि गॅसवरही चालायची. मागच्या डिकीत गॅसची टाकी बसवलेली. काशी सगळ्यांना सांगायचा, ‘माझी गाडी हायब्रीड आहे.’ मी म्हणाले, हायब्रीड म्हणजे ज्वारीसारखी, दिसायला टपोरी आणि खायला भुसा. तो चिडला. पण गाडी आणली ती शौकाला नव्हे. त्याची बायको विमल, तिच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला उल्हासनगरच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. त्यातच ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. किडन्या अशा, म्हणून डॉक्टर ऑपरेशनला हात लावेनात. हाड तसंच राहिलं. रिक्षात ती बसूच शकत नव्हती. गाडीच्या मागच्या सीटवर दोन उशा घालून, अर्धी आडवी करून न्यायची.

आणि त्या गाडीचे मागचे शॉक गेलेले. शॉक म्हणजे चाकाला बसलेला हिसका आतल्या माणसापर्यंत येऊ न देणारे दांडे, मागच्या दोन चाकांना दोन. टाकीचं ओझं वाहून वाहून दोन्ही संपले होते, त्यातलं तेल ओघळून चाकामागे काळं झालं होतं. बदलापूर ते उल्हासनगर रस्ता तेव्हा कसा होता ते इकडच्या माणसाला सांगायला नको. विमल जाताना ओरडायची आणि येताना ओरडायचीही ताकद नसायची. मी म्हणाले, ‘गॅरेजला टाक, एका दिवसाचं काम आहे.’ काशी म्हणाला, ‘तीस वर्षं मी मशिनी खोलल्या, जोडल्या. आता गॅरेजवाल्याच्या दारात उभा राहू? मीच करणार.’ मीच करणार, मीच करणार म्हणत त्याने तीन महिने घालवले. कधी पाना मिळाला नाही, कधी जॅक, कधी बरा दिवस. शेवटी मी विमलसमोरच त्याला म्हणाले, ‘तुला बायको नको झाली असेल तर तसं सांग, रस्त्यावर लोळवत नेऊ, लवकर सुटेल.’ विमल भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने ते ऐकलं. मला तिला ऐकवायचंच होतं.

त्याच रविवारी काशीने काम काढलं. नवे कोरे शॉक आणले, त्यात कसर केली नाही. गंजलेल्या नटांना आदल्या दिवसापासून रॉकेल पाजत होता. बिल्डिंगच्या आवारात गाडी लावली, पुढच्या चाकांना विटा दिल्या, मागून जॅक लावून उचलली आणि खाली लाकडाचे ठोकळे सरकवले. वरचे नट डिकीत, टाकीच्या मागे. त्यासाठी गॅस संपवून टाकी सोडवून बाहेर काढली. खालचा बोल्ट चाकाजवळ, रबराच्या बुशातून, म्हणजे जाड कड्यातून, जाणारा. दुपारपर्यंत त्याच्या कोपरांची सालं निघाली होती, पण जुने दांडे बाहेर पडले. मेलेल्या सापासारखे लुळे. काशीने ते विमलला दाखवायला वर नेले. ती हसली. लग्नात हसली नव्हती तेवढी हसली.

नवे शॉक चढवले आणि काशी खालचे बोल्ट आवळायला लागला तेव्हा रमेश आला. रमेश रिक्षा चालवतो, स्वतःची रिक्षा स्वतःच दुरुस्त करतो. वाकून बघत म्हणाला, ‘काका, आत्ता नुसते हातानं लावून ठेवा. गाडी खाली उतरवा, वजन येऊ द्या, मग टाईट मारा. चाक असं लटकतंय तेव्हा आवळलं तर खाली उतरल्यावर रबर पिळवटतं, फाटतं.’

काशी गाडीखालूनच म्हणाला, ‘कारखान्यात ढिला बोल्ट सोडून उठला तर फिटरला घरी पाठवतात, माहीत आहे का?’

‘काका, हा कारखाना नाय, गाडी आहे.’

‘मग तू आहेस ना गाडीवाला! तीन चाकांची चालवतोस. चौथ्याचं तुला काय कळतं?’

मी खुर्ची टाकून बसले होते. मी खदखदून हसले आणि वर म्हणाले, ‘रमेश, माझ्या भावाला शिकवायला तुला अजून दोन जन्म लागतील.’ रमेश निघून गेला. काशीने हात कापेपर्यंत ताकद लावून चारही जागा आवळल्या. बोल्ट कुरकुरला तेव्हा म्हणाला, ‘आता बापजन्मात हलणार नाही.’ ते मात्र खरं होतं.

पहिले काही दिवस गाडी चांगली चालली. मग मागून कुई कुई सुरू झाली आणि महिन्याभरात प्रत्येक खड्ड्याला खट् असा ठोका. रबरं फाटली होती. काशीला आवाज येत नव्हता असं नाही. तो म्हणायचा, परत बसवलेल्या टाकीचा पट्टा वाजतोय. पट्टा तीनदा आवळला. आणि प्रत्येक खड्ड्यानंतर आरशात बघून विचारायचा, ‘विमल, लागलं का गं?’ विमल म्हणायची, ‘नाही हो. आता काहीच लागत नाही.’ मी तिच्या शेजारी बसायचे. तिने माझं मनगट धरलेलं असायचं. उतरल्यावर बघायचे तर तिच्या नखांच्या चार चंद्रकोरी, रक्ताळलेल्या. एकदा दवाखान्यात काशी कागद करायला गेला असताना मी म्हणाले, आज त्याला सांगते. तर ती म्हणाली, ‘वन्सं, नका सांगू. त्यांनी स्वतःच्या हातानं केलंय. मला एवढंच सोसायचं आहे, सोसते.’ मी गप्प बसले. तिच्यासाठी बसले असं म्हणायला बरं वाटतं... पण रमेशला हसणारी मीही होते. बोल्ट चुकले म्हणायचं तर ते हसणंही चुकलं म्हणावं लागलं असतं. आठ महिने मी ते म्हटलं नाही. आठवड्यातून दोनदा जाणं आणि येणं, याप्रमाणे आठ महिने.

मग विमल गेली. जलदानाच्या दिवशी, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या शोकविधीला, भन्तेजींनी वंदना घेतली, पुण्यानुमोदन झालं. एकेक जण उठून बोलला. काशीसारखा नवरा बघितला नाही, बायकोला फुलासारखं जपलं, असं सगळं. शेवटी काशी उभा राहिला. त्याला बोलता येत नव्हतं. म्हणाला, ‘तिला वाचवता नाही आलं. पण शेवटी गाडीत तिला काही लागत नव्हतं. तेवढं माझ्या हातून झालं.’

मला ते ऐकवेना. का, ते अजून नीट सांगता येत नाही. तिच्या नखांचे वण माझ्या हातावर होते आणि तो हात पुढे करून मी भरल्या घरात बोलले, ‘लागत होतं. प्रत्येक खड्ड्याला लागत होतं. ती खोटं बोलत होती. रमेश म्हणाला तेच खरं होतं.’

कोणीतरी ‘अक्का!’ म्हणून मला दटावलं. काशी माझ्या मनगटाकडे बघत राहिला. त्याने एवढंच विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

‘होतं.’

‘आठ महिने?’

मी मान हलवली. तो खाली बसला आणि लोकांना म्हणाला, जेवून घ्या, भात गार होतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रमेशच्या दारात जाऊन उभा राहिला. हे मला रमेशने सांगितलं. काका म्हणाले, तू सांग, मी करतो. रमेशने नवी रबरं आणली. काशीने आपणच आवळलेले बोल्ट सोडवले, तेही सुटता सुटेनात, रबरं बदलली, गाडी चाकांवर उतरवली, वजन यावं म्हणून डिकीत चार गोणी वाळू टाकली आणि मग खाली सरपटत जाऊन, रमेश म्हणेल तेवढंच आवळलं. चहा उकळून पिण्याइतका वेळ लागला.

तो तसाच, काळ्या हातांनी, अंबरनाथ पश्चिमेला माझ्या दारात आला. म्हणाला, ‘मागे बस.’ मी बसले. त्याने गाडी उल्हासनगरच्या रस्त्याला लावली आणि एकही खड्डा चुकवला नाही. शोधून शोधून घातली. प्रत्येक खड्ड्याला आरशात बघून विचारायचा, ‘लागलं?’ मला माझ्याच हाडांची शरम वाटत होती, कारण खरंच लागत नव्हतं. गाडी होडीसारखी खाली जायची आणि अलगद वर यायची. खोटं बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं का? म्हटलं असतं लागलं, तर निदान त्याला म्हणता आलं असतं की या रस्त्यावर कोणाचंच काही चाललं नसतं. मी म्हणाले, ‘नाही.’ पुन्हा, ‘नाही.’ दवाखान्याच्या फाटकाशी त्याने गाडी थांबवली आणि बंद केली. म्हणाला, ‘अर्ध्या तासाचं काम होतं, अक्का.’

‘हो,’ मी म्हणाले.

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. माझ्याशी बोलणं टाकलं नाही, तेही टाकलं असतं तर बरं झालं असतं. दर रविवारी मी जायचे, तो चहा करायचा, आम्ही समोरासमोर बसून प्यायचो. गाडीचं नाव दोघांनीही काढलं नाही. असं वर्ष गेलं आणि तोही गेला. लोक म्हणतात, अक्काच्या तोंडाने भाऊ मेला. कदाचित. पण आठ महिने ते तोंड बंद होतं त्याचं काय, ते कोणी विचारत नाही.

मागच्या आठवड्यात अनिलने गाडी विकायला काढली. उल्हासनगरचा एक व्यापारी बघायला आला, मी किल्ली घेऊन कुळगावला गेले होते. त्याने इंजिन पाहिलं, टाकी पाहिली, नाक मुरडलं. मग मागे जाऊन दोन्ही हातांनी डिकी जोरात दाबली आणि सोडली. गाडी एकदाच वर आली आणि जागच्या जागी थांबली. त्याने परत दाबली. परत तसंच.

‘माई, ये काम किसने किया? एकदम बढिया किया है.’

‘मेरे भाई ने,’ मी म्हणाले. ‘बीवी मरने के बाद.’

त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करते. तो हसला, आणि दोघांपैकी कोणीतरी हसायला हवं म्हणून मी त्याला हसू दिलं.