फोन वाजला की

माझा धाकटा भाऊ रावेरहून केळीचा ट्रक न्यायचा. अपघातात तो गेल्याचं मला फोनवरच कळलं. तेव्हापासून फोन वाजला की माझे हात गार पडायचे, छातीत कोंडायचं. शिरपूरच्या शाळेत मुलांसमोर उभी असतानाही दरदरून घाम फुटायचा.

धुळ्याच्या डॉक्टरांनी मला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, "विचार थांबवायला जाऊ नका. डोळे मिटा आणि श्वास येतो-जातो, तेवढं बघा."

मी डोळे मिटले तर रस्त्यावर उलटलेला ट्रक दिसला. मी रडत उठले.

"मग उघडे ठेवा," त्या म्हणाल्या. "पायाखाली फरशी आहे ना? ती गार आहे की गरम, ते बघा."

घरी रोज दुपारी भिंतीला टेकून मी तेवढंच करू लागले. माय माझ्याजवळच राहायची. भावाविषयी ती चकार शब्द काढत नसे. एकदा स्वयंपाकघरातून येऊन तिनं विचारलं, "तू काय करी ऱ्हायनी?"

मी सांगितलं. ती शेजारी बसली. "फोन वाजना का मना बी जीव घाबरस. मालेबी शिकाड."

फोनची ही भीती ती माझ्यापासून लपवत होती आणि मी तिच्यापासून. मग आम्ही दोघी बसू लागलो. कधी तिचा श्वास मध्येच हुंदक्यात फुटायचा.

उन्हाळ्यात शाळेत असताना शेजारणीचा फोन आला. माय पडली होती, तोंड वाकडं झालं होतं. मी पाय जमिनीवर घट्ट रोवले, शेजारणीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला पाणी पाजू नका. अँब्युलन्स बोलवा, मी निघाले."

धुळ्याच्या दवाखान्यात मायला बोलता येत नव्हतं. डोळे मात्र भीतीनं भिरभिरत होते. मी तिचा चांगला हात तिच्याच पोटावर ठेवला. "माय, श्वास बघ फक्त. मी आहे इथंच."

डोळे हळूहळू माझ्यावर स्थिरावले. दोन दिवसांनी ती गेली. तेव्हा माझा हात तिच्या हातावर होता.

माझी भीती गेलेली नाही. दुपारी घर सामसूम झालं की ती येते. मी बसते. कधी ओसरते, कधी संध्याकाळपर्यंत छातीवर तशीच बसून राहते.